करून शिकणे आणि नासाडीचा खर्च

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षण समितीने काहीतरी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची मागणी आली तेव्हा प्रथम आमच्या मनात आले की, ट्रस्टने आजवर दिलेल्या शिष्यवृत्त्यांची हकीकत लिहावी. परंतु ती चिटणिसांच्या अहवालात सविस्तर येणारच आहे. म्हणून गेली तीन वर्षे मे महिन्याच्या सुट्टीत ज्या एका प्रश्नाशी आम्ही झुंजत आहो, तोच सभासद बंधुभगिनींपुढे मांडावयाचे ठरविले. प्रश्न जुना आहे. मुलांनी अनुभवातून शिकावे, हाताने करून शिकावे, हे सर्वांस मान्य आहे. याच्याविरुद्ध बोलणारा पालक, शिक्षक किंवा विश्वस्त आम्हांस अद्याप भेटलेला नाही. तथापि प्रत्यक्षात तसे शिकविले जात असल्याचे फारसे दिसत नाही. सर्वांस मान्य असलेली गोष्ट कोणीच करीत नसेल, तर तिच्यात काहीतरी खर्च दडलेला आहे आणि तो कोणी उघड बोलत नाही, असे खुशाल समजावे.

तो खर्च कोणता, हे समजण्यास आपल्या स्वयंपाकघरापासून आरंभ करू.

पुरण शिजविण्यास शिकणारी मुलगी आपल्या आजीला विचारते, "किती वेळ आटवायचं?" आजी मिनिटे सांगत नाही. ती म्हणते, "पळी उभी राहीपर्यंत." मुलगी पळी उभी करून पाहते, ती पडते. पुन्हा ढवळते, पुन्हा पाहते. पुरण सैल राहिले तर पोळी लाटताना ते कडेने बाहेर येते. डाळीत कणी राहिली तर पोळी फुटते. या दोन्ही गोष्टी आजीला आधीच ठाऊक असतात आणि पुष्कळदा ती त्या मुद्दाम होऊ देते. पोळी फुटल्यावर मात्र विचारते, "का फुटली, सांग बघू?" मुलगी पुरण बोटांत चोळून पाहते, कणी हाताला लागते, आणि पुढच्या वेळी डाळ शिजली की नाही हे ती झाकण काढताच दाणा चेपून पाहते. हे तिला कोणी पाठ करावयास लावलेले नसते.

1984 साली डेव्हिड कोल्ब या अमेरिकी अभ्यासकाने अनुभवातून होणाऱ्या शिक्षणावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी चार पायऱ्यांचे एक चक्र मांडले आहे. आधी प्रत्यक्ष अनुभव, मग त्याकडे मागे वळून पाहणे, मग त्यातून काही नियम काढणे, आणि शेवटी तो नियम नव्या प्रसंगी लावून पाहणे. आजच्या प्रशिक्षणवर्गांत हे चक्र फळ्यावर हमखास काढले जाते. आजीच्या स्वयंपाकघरात या चारही पायऱ्या होत्या. चक्राच्या आकृतीत आढळत नाही अशी एक गोष्टही तेथे होती, ती म्हणजे फुटलेल्या पोळ्या. त्या दिवशी घरच्यांनी त्या निमूटपणे खाल्ल्या, सैल पुरण वाटीत घेऊन दुधाबरोबर संपविले. मुलगी शिकली, कारण तिने बिघडविलेल्या पदार्थाचा खर्च सबंध घराने उचलला आणि तो उचलताना कोणी तोंड वाकडे केले नाही. ज्या घरात डाळ मोजून आणावी लागते, तेथे आजीला हे परवडत नाही. तेथे ती स्वतःच पुरण करते आणि मुलीला ताटे घ्यावयास सांगते. आमच्या सगळ्या म्हणण्याचे बीज या एवढ्या गोष्टीत आहे.

शाळेच्या इतिहासातही हा प्रश्न वारंवार डोके वर काढताना दिसतो. जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने 1896 साली शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा काढली. शाळेसाठी बाके घेण्यास ते दुकाने हिंडले, परंतु मनासारखे एकही मिळेना. अखेर एका समंजस दुकानदाराने त्यांना सांगितले की, तुम्हांस मुलांनी काम करावे अशी बाके हवी आहेत आणि आमच्याकडची सारी बाके ऐकण्यासाठी केलेली आहेत. हा प्रसंग ड्यूई यांनी स्वतःच नमूद करून ठेविला आहे. आपल्या शाळांतील बाके कशासाठी केलेली असतात, हे वाचकांनी आपल्या मनाशी पाहावे.

त्याच शाळेतील कापसाची गोष्ट बडोद्याच्या वाचकांस विशेष रुचेल, कारण आपण कापसाच्या मुलखात राहतो. मुलांच्या हाती कच्चा कापूस आणि कच्ची लोकर दिली. सरकीपासून धागा बोटांनी सोडवावयाचा होता. अर्धा तास खपून मुलांच्या हाती एक औंस रुईदेखील आली नाही. तेव्हा त्यांना आपोआप समजले की, यंत्राने सरकी काढण्याची सोय होण्यापूर्वी माणसे सुती कपड्यांपेक्षा लोकरीचे कपडे अधिक का वापरीत असत. इतिहास, यंत्रविद्या आणि वस्त्रांचे अर्थशास्त्र ही तिन्ही त्या अर्ध्या तासात मुलांच्या बोटांत उतरली. येथे लक्षात घेण्यासारखे हे की, त्या अर्ध्या तासाचे उत्पन्न जवळजवळ शून्य होते. रुई विकून शाळेला दमडीही मिळणार नव्हती. शाळेतील काम पैशाच्या दडपणापासून मुक्त असावे, मालाची किंमत हे त्याचे उद्दिष्ट नसावे, असे ड्यूई यांनी स्पष्टपणे म्हटले आहे.

आता आपल्याकडे वळू. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची मूलोद्योग शिक्षणाची योजना देशापुढे आली. हस्तोद्योगाच्या द्वारा सर्व विषय शिकवावयाचे, ही तिची मध्यवर्ती कल्पना. टकळीवर सूत काढावयाचे आणि त्यातूनच गणित, भूगोल, समाजशास्त्र यांचा समवाय साधावयाचा. कल्पना मोठी होती. एका पौंडात 840 वारांच्या जितक्या लड्या बसतात तो सुताचा नंबर, एवढे एक सूत्र घेतले तरी त्यातून भागाकार, सरासरी, त्रैराशिक, वजने-मापे असे कितीतरी निघते. आणि मुलाने स्वतः काढलेले सूत असल्यामुळे उत्तर चुकले तर ते त्याला बोचते.

परंतु योजनेत आणखी एक अपेक्षा होती. शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचे वेतन, मुलांच्या हातच्या मालातून निघावे. दरिद्री देशात गावोगाव शाळा काढावयाच्या तर पैसा आणावा कोठून, हा गांधीजींपुढचा प्रश्न खरा होता आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण याच ठिकाणी घोटाळा झाला, असे आमचे मत आहे. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तेव्हाच आपल्या अहवालात इशारा देऊन ठेविला होता की, आर्थिक बाजूवर भर देण्याच्या भरात शैक्षणिक बाजूचा बळी जाण्याचा धोका आहे. मुलाच्या हातून विकाऊ माल निघालाच पाहिजे असे ठरले की, त्याचा हात चुकणे हे नुकसान ठरते, आणि जेथे चुकणे नुकसान ठरते तेथे शिक्षक 'धागा का तुटला?' असे विचारीत बसत नाही. तो म्हणतो, "धागा तोडू नकोस." पुढे अनेक शाळांत टकळीचा तास उरला, पण समवाय गेला. आमच्यापैकी काहींच्या वडीलधाऱ्यांनी शाळेत काढलेल्या सुताच्या आठवणी सांगितल्या आहेत. टकळी सर्वांस आठवते. त्या सुतावरून घातलेले एकही गणित कोणास आठवत नाही.

आपल्या गावचा दाखला याहून निराळा आहे. 1890 साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी कलाभवन स्थापन केले. गज्जर हे सुतारकामाची परंपरा असलेल्या घरातले आणि विद्येने रसायनशास्त्रज्ञ. मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यास कोणी डांबर फासले, तेव्हा तो डाग रसायनांनी काढून देणारे ते हेच. रंगाई व छपाई, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला असे विषय कलाभवनात शिकविले जात आणि हे शिक्षण देशी भाषेतून व्हावे असा गज्जरांचा आग्रह होता. त्यासाठी पारिभाषिक शब्द बनविण्याचे आणि पुस्तके तयार करविण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले. ज्याच्या हातात कसब आहे त्याला इंग्रजी येत नाही म्हणून शास्त्राचे दार बंद राहू नये, ही त्यामागील दृष्टी. 1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाल्यावर कलाभवन त्याच्या तंत्रशास्त्र शाखेत विलीन झाले. तरीही ती वास्तू अजून आपण सारे कलाभवन म्हणूनच ओळखतो.

या कलाभवनात 1890 च्या सुमारास नाशिककडचा एक तरुण आला. त्याने चित्रकला घेतली, मूर्तिकाम केले, छायाचित्रणाचा नाद त्याला लागला, आणि काचा धुण्याची व छापण्याची रसायने त्याने येथे हाताळली. हेच पुढील काळातले दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली पडद्यावर आला हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या आधीची एक छोटी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. चित्रपट काढण्यास पैसा देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून महिनाभर थोडे थोडे चित्रण करीत राहिले. पडद्यावर पाहता पाहता त्या दाण्याला अंकुर फुटून वेल वाढली. यंत्र काय करू शकते, उजेड किती लागतो, फिल्म कशी धुवावी, हे सारे त्या एका कुंडीपुढे बसून त्यांचे पक्के झाले. घरात सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम शिकल्या. त्यांना शिकविण्यास कोणतीही शाळा नव्हती. अंधाऱ्या खोलीत जे बिघडले तेच त्यांचे पाठ्यपुस्तक.

फाळक्यांच्या कर्तबगारीचे गुणगान करताना एक हिशेब मात्र आपण विसरतो. या शिक्षणाचा खर्च त्यांनी स्वतः भरला. विम्याची पॉलिसी गहाण पडली, बायकोचे दागिने गेले, डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दिसेनासे झाले. अशी माणसे पिढीतून एखादीच निघते. तेवढा भार सोसण्याची ताकद ज्याच्यापाशी नाही, त्या सामान्य मुलाने करून शिकूच नये काय? कलाभवनासारख्या संस्थेचे प्रयोजन नेमके येथे आहे. विद्यार्थ्याच्या हातून बिघडणारे रसायन आणि वाया जाणारे लाकूड कोणातरी आश्रयदात्याच्या खात्यावर पडावे लागते.

शिकविणारा मुलाच्या अनुभवापाशी चालत गेला तर काय घडते, हे पाहावयाचे असेल तर ताराबाई मोडकांचे काम पाहावे. राजकोट आणि भावनगर येथे, म्हणजे आपल्याच गुजरातेत, त्यांच्या कार्याची घडण झाली. 1945 साली त्यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या. तेथील वारली मुले गुरे राखावयास जात, शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात नेली, आणि त्या कुरणशाळेत शिकविण्याचे साहित्य म्हणजे दगड, पाने, बिया. यातील काही मोडले तरी जाबसाल द्यावा लागत नाही. ही युक्ती गरिबीतून आली असेल, पण शहाणपण तिच्यात पुष्कळ आहे.

याउलट आपल्या शाळांतील प्रयोगशाळेचे कपाट पाहा. त्यास कुलूप असते. सूक्ष्मदर्शक, चंचुपात्रे, लोहचुंबक हे सारे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेले असते आणि वर्षअखेरीस मोजून दाखवावे लागते. एखादे पात्र फुटले तर शिक्षकास खुलासा करावा लागतो. तेव्हा शहाणा शिक्षक काय करतो? तो प्रयोग फळ्यावर काढतो. आम्ही त्या शिक्षकास दोष देत नाही. आमच्यातील एकाने अशा कपाटाची किल्ली बरीच वर्षे सांभाळली आहे आणि निवृत्तीच्या दिवशी सारी पात्रे अखंड परत केली, याचा तेव्हा त्यास अभिमानही वाटला होता.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशांच्या हाताखाली काम शिकावे, असे म्हटले आहे. विचार चांगला आहे. परंतु कुंभाराचे जे मडके बिघडेल आणि सुताराची जी फळी वाकडी कापली जाईल, तिचे पैसे त्यास कोण देणार, हे ठरविले नाही तर तो मुलांना लांबून पाहू देईल आणि दहा दिवसांचे प्रमाणपत्र देईल.

हे आम्ही तर्काने लिहीत नाही. आमच्याच हातून तसे घडले. तीन वर्षांपूर्वी समितीने मोठ्या उत्साहाने चाळीस मुलांना एका कारखान्यात नेले. मुले रांगेने आत गेली आणि रांगेने बाहेर आली. "हात लावू नका" हे वाक्य त्या दोन तासांत किती वेळा उच्चारले गेले, ते मोजले असते तर बरे झाले असते. बटाटेवडे झाले, फोटो झाले, प्रमाणपत्रे वाटली. 'कार्यानुभव' असे त्यांवर सुबक अक्षरांत छापले होते. काही दिवसांनी एका मुलास विचारले, काय पाहिलेस? तो म्हणाला, "मोठा पंखा होता."

दुसऱ्या वर्षी आम्ही बेत पालटला. मुले फक्त आठ घेतली. ट्रस्टच्या इमारतीच्या मागल्या पडवीत चार जुन्या सायकली आणून टाकल्या आणि एका निवृत्त फिटर गृहस्थांना विनंती केली. मुले त्यांना काका म्हणू लागली. काकांची अट एकच होती. आपण हात लावणार नाही आणि पालकांनी पडवीत उभे राहावयाचे नाही.

पुढच्या चाकाचा आटा उघडून साफ करून परत बसवावयाचा, हे पहिले काम. आत प्रत्येक बाजूस दहा छर्रे असतात. आठवीतील एका मुलीने ते काढले, रॉकेलमध्ये धुतले, ग्रीस भरून बसविले, आणि कोन आवळला. चाक जड फिरू लागले. तिने कोन सैल केला, तर चाक डुलू लागले. दोन तास हेच चालले. काकांना सुरुवातीपासून माहीत होते की, एक छर्रा घरंगळत दाराच्या उंबऱ्यापाशी गेलेला आहे. त्यांनी तो पाहिला होता आणि ते चहा पीत बसले होते. शेवटी ती मुलगी रडकुंडीस येऊन म्हणाली, "काका, मी सगळं बरोबर केलंय." काका म्हणाले, "असेल. मोजलंस का?" तिने पुन्हा उघडून मोजले. एकीकडे दहा, एकीकडे नऊ. छर्रा सापडला, तरीही चाक नीट बसेना, कारण दरम्यान आवळून आवळून एक कोन घासला गेला होता. तो बदलावा लागला. जुना व नवा कोन शेजारी ठेवून काकांनी तिला नखाने घासलेली कडा चाचपून पाहावयास सांगितली. आता ती कोणतीही वस्तू उघडण्याआधी आतील भाग वहीत मोजून मांडते, असे तिच्या आईने आम्हांस सांगितले. शिलाईयंत्र उघडताना तिने हेच केले म्हणे.

सर्वांचे असे झाले नाही. दोन मुले चौथ्या दिवसापासून आली नाहीत. एका पालकांनी, मुलाचे हात काळे झाले आणि क्लासचा अभ्यास बुडाला, अशी लेखी तक्रार केली. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. सायकल दुरुस्त करता आल्याने प्रवेशपरीक्षेत एकही गुण वाढत नाही. त्यांना देण्यासारखे उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते आणि आजही पुरतेपणी नाही.

येथे कोणी असा अर्थ घेऊ नये की, मुलांना काहीही करू द्यावे. विजेच्या तारेचा अनुभव एकदाच येतो. प्रत्येक अनुभव शिकवितोच असे नाही, काही अनुभव पुढचे शिकणे बंदही करतात, हे ड्यूई यांनीच 1938 साली आपल्या शिष्यांना बजावले होते. कोणती चूक होऊ द्यावी आणि कोणती आधीच थांबवावी, हे ओळखणे हेच शिकविणाऱ्याचे खरे कसब होय. काकांनी छर्रा हरवू दिला, पण टायर चढविताना मुलांची बोटे लिव्हरखाली जाऊ लागली की ते खेकसत.

वर्गाचा खर्च मांडताना एक अडचण आली. एक कोन, टायर-लिव्हरने चिमटून फाटलेल्या तीन ट्यूबा, वाकलेले स्पोक, सांडलेले ग्रीस, यांची रक्कम मोठी नव्हती, परंतु हिशेबनिसांनी विचारले की, ही कोणत्या शीर्षाखाली लिहावयाची? 'दुरुस्ती' म्हणावे तर वस्तू दुरुस्त झाली नाही, ती बिघडली. 'शिष्यवृत्ती' म्हणावे तर पैसे कोणा विद्यार्थ्यास दिले नाहीत. अखेर त्यांनी 'किरकोळ' म्हणून लिहिली. गेल्या वर्षी मुले दहा झाली, सुतारकामही जोडले, पटाशीखाली दोन फळ्या फुटल्या, आणि 'किरकोळ' रक्कम इतकी वाढली की लेखापरीक्षकांनी तिच्यापुढे खूण केली.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे समितीचा एक ठराव येत आहे. ट्रस्टच्या शिक्षण निधीतून दरवर्षी एक ठरावीक रक्कम बाजूला काढावी आणि खातेवहीत तिला स्वतंत्र शीर्ष द्यावे. त्यास 'शिकताना झालेली नासाडी' हे नाव आम्ही सुचविले आहे. विश्वस्तांपैकी काहींना ते अशुभ वाटते, त्यांनी दुसरे सुचवावे. रक्कम वर्षाअखेर शिल्लक राहिली तर समितीकडून खुलासा मागावा, अशीही तरतूद ठरावात घातली आहे. इतर खात्यांत खर्च जास्त झाल्यास खुलासा मागतात. येथे मुलांनी काही बिघडविलेच नाही, म्हणजे त्यांनी कशास हात लावला नाही, हे पाहावयास हवे. गुणगौरव समारंभातील पारितोषिके कमी करावीत, असे आमचे म्हणणे नाही. तीही चालूच राहावीत.

ठरावास विरोध असणाऱ्या सभासदांनी सभेपूर्वी एखाद्या शनिवारी दुपारी पडवीत येऊन जावे. सायकली तेथेच आहेत. ज्यांच्या घरी जुनी, चालण्याजोगी नसलेली सायकल किंवा शिलाईयंत्र पडून असेल त्यांनी ते कार्यालयात आणून द्यावे. मोडलेले असल्यास अधिक बरे.